शिरगणतीत नाव नसते, तेव्हा पूर्वज कुठे शोधावेत?

वंशावळीचा विषय निघाला की परदेशात राहणारे नातेवाईक हटकून विचारतात, "जुन्या जनगणनेत बघितलेत का?" त्यांच्या जागी तो प्रश्न योग्यच असतो, कारण इंग्लंडमध्ये १९२१ पर्यंतच्या आणि अमेरिकेत १९५० पर्यंतच्या शिरगणतीतील घरोघरच्या याद्या आज कोणालाही चाळता येतात. आपल्याकडे ही वाट बंद आहे. भारतातली पहिली जनगणना १८७२ च्या आगेमागे तुकड्यातुकड्यांनी झाली आणि देशभर एकाच वेळी झालेली पहिली शिरगणती १७ फेब्रुवारी १८८१ ची. परंतु प्रगणकांनी दारोदार जाऊन भरलेले नावनिशीवार तक्ते आकडेवारी काढून होईपर्यंतच कामाचे मानले गेले, आणि १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ ने तर अशी कागदपत्रे खासगी माणसाला पाहण्यास आणि सामान्यतः पुरावा म्हणून वापरण्यासही मनाई केली. त्यामुळे "१९३१ च्या जनगणनेतली आमच्या आजोबांची नोंद काढून देतो" असे कोणी सांगू लागला, तर त्याला एक पैसाही देऊ नये.

तरीही जनगणनेचे छापील अहवाल अगदीच निरुपयोगी नाहीत. मुंबई इलाख्याच्या जुन्या जिल्हा गॅझेटियरांत १८७२ आणि १८८१ चे आकडे आहेत, १९३१ च्या अहवालांत जातवार संख्या आहे, आणि १९५१ पासूनच्या जिल्हा जनगणना पुस्तिकांत गावागावाची लोकसंख्या मिळते. पणजोबांच्या काळी गाव दोनशे वस्तीचे होते की दोन हजारांचे, हे कळले की एकाच नावाची किती माणसे तिथे असू शकतील याचा अंदाज बांधता येतो. माणसाचे नाव मात्र गावच्या स्वतःच्या दप्तरात शोधावे लागते, आणि ते दप्तर आपल्या समजुतीपेक्षा कितीतरी श्रीमंत असते.

शोधाची सुरुवात कचेरीत करू नये. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईपाशी करावी. बाईपाशी असे मुद्दाम म्हटले, कारण पुरुषांना जमिनीचे वाद आठवतात आणि बायकांना नाती. आत्या, मोठी काकू किंवा चुलत आजी यांच्याकडून पाच गोष्टी विचारून घ्याव्यात: मूळ गाव कोणते, कुलदैवत कोणते, देवक कोणते, आडनाव पूर्वी वेगळे होते का, आणि घरात कोणी दत्तक गेले-आले किंवा घरजावई झाले का. यांतले शेवटचे दोन प्रश्न लोक संकोचाने टाळतात आणि पुढे वर्षभर चुकीच्या माणसाचा माग काढत बसतात. पाटील, देशमुख, कुलकर्णी, देशपांडे ही हुद्द्यांची नावे आहेत. तीच आडनावे म्हणून रूढ झालेल्या घराण्याचे मूळ आडनाव जुन्या कागदात जाधव, शिंदे किंवा आणखी काही असू शकते. 'कर'कारान्त आडनाव तर बहुधा गाव सोडल्यावर चिकटलेले असते. त्या गावात राहणाऱ्यांना ते लावण्याची गरजच पडत नसे.

जन्ममृत्यूचे रजिस्टर

गावपातळीवरील जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही म्हणजे गाव नमुना नंबर १४. विदर्भात अशाच नोंदींना कोतवाल बुक म्हणतात, कारण कोतवालाने सांगायचे आणि लिहिणाऱ्याने टिपून घ्यायचे अशी रीत होती. काही गावांची १८८०-९० च्या दशकातली पाने आजही हाती लागतात, तर काही गावांचे १९३० च्या आधीचे सारे वाळवीने नेलेले असते. जन्ममृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्यानंतरच्या नोंदींसाठी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जावे, आणि त्याआधीच्या गावच्या नोंदींसाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात विचारावे. तिथे गावनिहाय बांधलेले गठ्ठे असतात. अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लावून गावाचे नाव, नोंदवहीचा प्रकार आणि वर्षे लिहावीत. "सन १८९० ते १९५०" असा ऐसपैस कालखंड मागितला की अर्ज बाजूला पडतो. "सन १९१५ ते १९२०" असा मागितला की गठ्ठा खाली उतरतो, हा माझा अनेकदाचा अनुभव आहे. अभिलेख उपलब्ध नसेल तर तसे लेखी मागून घ्यावे, कारण पुढे दुसऱ्या पुराव्यावर भर देताना तो कागद उपयोगी पडतो.

रजिस्टर उघडल्यावर नवख्या माणसाचा पहिला भ्रमनिरास असा होतो की आजोबांचे नाव त्यात सापडत नाही. सापडणार कसे? नोंद जन्मानंतर दोन-चार दिवसांत झाली आणि बारसे बाराव्या दिवशी, म्हणून नावाच्या रकान्यात नुसते 'मुलगा' किंवा 'मुलगी' लिहिलेले असते किंवा तो रकाना कोराच असतो. शोध बापाच्या नावाने घ्यावा लागतो. बापाचे नाव 'रामा बिन गणू' अशा घाटाचे असते. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, आणि मराठवाडा-विदर्भात त्याच अर्थाने 'वल्द' येते. बाईच्या नावापुढे 'कोम', 'मर्द' किंवा 'भ्रतार' आले तर पुढचे नाव नवऱ्याचे समजावे. आडनाव पुष्कळदा नसते, जात मात्र असते. म्हणून आजोबांची सर्व भावंडे जन्मक्रमाने आधी घरात विचारून लिहून न्यावीत. एका बापाच्या नावापुढे दोन-तीन वर्षांच्या अंतराने मुलगा, मुलगी, मुलगा असा क्रम तंतोतंत जुळला, तर ते आपलेच घर असण्याची शक्यता फार मोठी असते.

इथे एक खास आपल्याकडची मेख आहे. घरातल्या थोरल्या मुलाची नोंद गावात सापडत नाही, धाकट्यांच्या मात्र सगळ्या सापडतात, असे वारंवार घडते. पहिले बाळंतपण माहेरी होते! थोरल्याचा जन्म त्याच्या आजोळच्या रजिस्टरात आहे. तो शोधायला गेल्यावर आणखी एक लाभ होतो, तो असा की एरवी वंशावळीत नुसते 'सखूबाई' एवढेच उरलेल्या पणजीचे माहेर कळते, आणि कधी कधी खबर देणारा म्हणून तिच्या बापाचे किंवा भावाचे नावही मिळते. माझ्या स्वतःच्या पणजीचे माहेर मला असेच सापडले. तोवर घरात ते 'नदीपलीकडचे गाव' एवढेच ठाऊक होते, आणि नदीपलीकडे गावे सात होती.

मृत्यूच्या नोंदी जन्माच्या नोंदींपेक्षा अधिक बोलक्या असतात, कारण मरणाऱ्या माणसाला नाव असते, वय असते आणि रोगही लिहिलेला असतो. 'देवी' म्हणजे गोवर-कांजिण्यांपेक्षा भयंकर असा तो जुना रोग, 'पटकी' म्हणजे कॉलरा, 'गाठीचा ताप' म्हणजे प्लेग. १८९६ नंतरच्या प्लेगच्या वर्षांत आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत पानेच्या पाने भरलेली दिसतात. एखादी शाखा वंशावळीतून अचानक खुंटत असेल तर आधी ही वर्षे पाहावीत. वयावर मात्र विश्वास ठेवू नये. चाळीस, पन्नास, साठ असे गोल आकडे खबर देणाऱ्याने अंदाजाने सांगितलेले असतात, म्हणून त्यावरून काढलेल्या जन्मवर्षात दहा वर्षांचा फरक गृहीत धरूनच चालावे.

शाळा आणि जमीन

प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर कायमस्वरूपी जपायचे असते, आणि जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळांत ते कपाटात सापडतेही. मुख्याध्यापकांकडे प्रवेश-निर्गम उतारा मागावा. त्यात मुलाचे नाव, बापाचे किंवा पालकाचे नाव, जात, जन्मस्थान, आधीची शाळा आणि शाळा सोडल्याचे कारण असते. जन्मतारीख १ जून दिसली तर ती मास्तरांनी शाळाप्रवेशाच्या सोयीने घातलेली आहे असे समजून पुढे जावे. महाराष्ट्रातल्या दोन पिढ्या कागदोपत्री एकाच दिवशी जन्मल्या आहेत.

पूर्वजांच्या शोधात खरा आधारस्तंभ मात्र जमिनीचे दप्तर आहे, आणि त्यातही फेरफार. सातबारा उतारा म्हणजे आजचे चित्र. फेरफार, म्हणजे गाव नमुना सहा, ही त्या चित्रामागची गोष्ट. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला आणि १९१३ मध्ये तो सुधारून महसूल कायद्यात घेण्यात आला, तेव्हापासून खातेदार मेला की वारसांच्या नोंदी घालणे सुरू झाले. "खातेदार मयत, वारस मुलगे तीन, विधवा एक" अशी एक वारसनोंद मिळाली की एका दमात दोन पिढ्या आणि त्यांतली सर्व भावंडे हाती येतात. आजच्या सातबाऱ्यावर वर्तुळात दिलेल्या फेरफार क्रमांकांवरून एकेक पाऊल मागे जावे: या नोंदीत ज्याचे नाव कमी झाले, ते ज्या आधीच्या नोंदीने लागले होते तो क्रमांक शोधावा, मग त्याच्याही आधीचा. 'अपाक' हे अक्षरगुच्छ दिसले तर तो अज्ञान पालनकर्ता, म्हणजे मूल लहान होते आणि बाप बहुधा गेलेला होता. 'एकुक' किंवा 'एकुमॅ' दिसले तर एकत्र कुटुंबाचा कर्ता अथवा मॅनेजर, म्हणजे नाव एकाचे असले तरी हिस्सेदार पुष्कळ होते आणि बाकीच्या भावांची नावे दुसरीकडे शोधायची आहेत.

वाटेत एक खिंड लागते. जमिनीच्या तुकड्यांच्या एकत्रीकरणाच्या १९४७ च्या कायद्यानुसार जिथे योजना राबवली गेली तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि जुना-नवा क्रमांक जुळवणारा तक्ता हाती नसेल तर माग तुटतो. हा तक्ता तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेख कार्यालयात मागावा. अनेक जिल्ह्यांचे जुने फेरफार, सातबारे आणि काही ठिकाणी जन्म-मृत्यूची रजिस्टरेही शासनाच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेली आहेत. प्रवासखर्च करण्याआधी तिथे डोकावून घ्यावे. फेरफाराच्याही मागे जायचे असेल तर इंग्रजी मोजणीच्या काळातली कडईपत्रके आणि त्याआधीची लावणीपत्रके यांत कसणाऱ्यांची नावे असतात.

ज्यांच्या घराण्यात जमीन नव्हती त्यांना काहीच सापडत नाही, हा समज खरा नाही. वतनदारीची कागदपत्रे पाटील-कुलकर्ण्यांपुरती मर्यादित नव्हती. महार वतन हेही सरकारदरबारी नोंदलेले वतन होते, आणि कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने रद्द होऊन जमिनी पुन्हा नावावर देण्याची प्रक्रिया झाली तेव्हा वतनदारांच्या व त्यांच्या वारसांच्या याद्या झाल्या. १८७४ च्या वतन कायद्याखालील प्रकरणांत तर वारसा ठरवण्यासाठी दाखल केलेल्या वंशावळीच जोडलेल्या आढळतात. गाव धरणाखाली गेले असेल तर भूसंपादनाचे निवाडे पाहावेत. कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांची माणसे आज अनेक जिल्ह्यांत विखुरलेली आहेत, पण निवाड्यात त्या गावातले सगळे खातेदार एका जागी बसलेले असतात.

मोडी, फसली आणि सरहद्दी

एकोणिसाव्या शतकातले बहुतेक कागद मोडीत आहेत, आणि काही गावांत तर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातलेही. संपूर्ण मोडी येण्याची वाट पाहत बसू नये. आपले आडनाव, घराण्यात फिरणारी सात-आठ नावे, गावाचे नाव, जातीचा शब्द आणि 'बिन', 'वल्द', 'मयत' एवढे शब्द मोडीत कसे दिसतात ते कागदावर गिरवून डोळ्यांत बसवले, तरी पानावर नजर टाकताच कुठे थांबायचे ते कळू लागते. नेमके वाचन मात्र जाणकाराकडून करून घ्यावे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडलेले नाहीत, आणि उत्साही वाचक आपल्याला हवे तेच वाचून दाखवतो. म्हणून लिप्यंतर करणाऱ्याला आपल्याला कोणते नाव हवे आहे ते आधी सांगू नये.

सन वाचण्यातही चुका होतात. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, आणि तारीख जानेवारी ते गुढीपाडवा या काळातली असेल तर ७९. निजामाच्या राज्यात फसली सन चाले व त्याचे वर्ष ऑक्टोबरात सुरू होई, म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर ५९० आणि पुढील महिन्यांना ५९१ मिळवावेत. मराठेशाहीच्या कागदांत सुहूर सन अरबी शब्दांत येतो: 'इसन्ने सबैन मया व अलफ' म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, अर्थात ११७२, त्यात ५९९ मिळवले की १७७१, आणि मृगाला वर्ष बदलत असल्याने जानेवारी ते मे या महिन्यांसाठी १७७२.

आपले गाव त्या काळी कोणाच्या राज्यात होते, हे न पाहता कचेरी गाठली तर फेरी फुकट जाते. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाकडे होता, त्यामुळे तिथले पुष्कळ दप्तर उर्दूत आहे. वऱ्हाड-नागपूर मध्य प्रांताच्या व्यवस्थेत होते. कोल्हापूर, सांगली, औंध, भोर, फलटण, सावंतवाडी यांची दप्तरे त्या त्या संस्थानांची. जिल्हेही फुटले आहेत: जालना व सिंधुदुर्ग १९८१ मध्ये, लातूर व गडचिरोली १९८२ मध्ये. लातूरकराने म्हणून धाराशिवलाही विचारावे. पुराभिलेख विभागाची कार्यालये मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत, आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरात हजारो रुमाल, म्हणजे कापडात गुंडाळलेले कागदांचे गठ्ठे, बांधून ठेवलेले आहेत. पेशवाईतही काही गावांच्या खानेसुमाऱ्या, म्हणजे घरांच्या मोजण्या, झाल्या होत्या, आणि इंग्रजांच्या शिरगणतीने जे दिले नाही ते, म्हणजे घरमालकाचे नाव, त्यांत कधी कधी मिळून जाते. पण तिथवर पोचायला आधीच्या पाच पिढ्या पक्क्या जुळलेल्या असाव्या लागतात.

गोव्यात गोष्ट वेगळी. तिथे नागरी नोंदणी १९१४ पासून सर्वांना लागू झाली, आणि त्याआधीच्या ख्रिस्ती घराण्यांसाठी चर्चची बाप्तिस्म्याची पुस्तके आहेत. नोंदी पोर्तुगीजमध्ये असल्या तरी साचा ठरलेला असल्याने दहा-बारा शब्दांत काम भागते. मॉरिशसच्या मराठी घराण्यांना उलट्या दिशेने यावे लागते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या, आगमनाची दप्तरे आहेत, त्यांत क्रमांक, बापाचे नाव, जात व गाव असते, परंतु गावाचे नाव कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे लिहिलेले आहे. ते मोठ्याने उच्चारून पाहावे आणि रत्नागिरीकडच्या गावांच्या यादीशी ताडावे.

जुळले असे केव्हा म्हणावे?

आपल्याकडे नातवाला आजोबाचे नाव ठेवण्याची चाल असल्याने गणू-रामा-गणू-रामा अशी साखळी होते, आणि 'रामा बिन गणू' हा १८७० चा की १९२० चा, हे नुसत्या नावावरून ठरत नाही. म्हणून प्रत्येक दुव्याला स्वतंत्र दप्तरातल्या दोन नोंदी हव्यात, उदाहरणार्थ फेरफारातला वारस आणि रजिस्टरातला मृत्यू. आणि मृत्यूची तारीख वारसनोंदीच्या आधीची हवी. एकाच नोंदीवर टेकलेले नाव वंशावळीत पेन्सिलने लिहावे. नोंदीची नक्कल घेताना तिच्या वरची व खालची नोंदही उतरवून घ्यावी, कारण शेजारचे बहुधा भाऊबंद असतात. जातीच्या दाखल्यासाठी शोध असेल तर हा काटेकोरपणा अधिकच लागतो. तिथे अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचे कागद विचारले जातात, आणि नाते जोडणारा एक दुवा ढिला असला तरी बाकीचे दहा कागद व्यर्थ जातात.

कचेऱ्या संपल्या की मग नाशिक किंवा त्र्यंबकेश्वर. लोक उलटे करतात, आधी तिथे जातात आणि उपाध्यायांनी वाचून दाखवलेली नावे पारखायला जवळ काहीच नसते. तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळी गाव, जात आणि आडनाव यांवरून लावलेल्या असतात, आणि कोणते गाव कोणाकडे हे तिथे विचारले की सांगतात. दक्षिण महाराष्ट्रात हेच काम हेळवी करतात. बैल घेऊन दारी येणारा हेळवी कोल्हापूर-सांगलीकडच्या घराण्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची नावे सांगतो, फक्त त्याच्या येण्याची वाट पाहावी लागते. नाशिकच्या वहीत मात्र नावाखाली सही असते. माझ्या पणजोबांचे कुठलेही छायाचित्र नाही. त्यांनी अस्थी घेऊन गेल्यावर मोडीत केलेली सही तेवढी आहे, आणि तिच्यातल्या नावांनी मला फेरफारात न लागलेला एक चुलत पणजोबा मिळवून दिला.

वही वाचून झाली की उपाध्ये ती आपल्यापुढे सरकवतात आणि मधल्या काळातली नावे लिहायला सांगतात. त्यासाठी तयारीने जावे: घरातल्या सर्वांची पूर्ण नावे, जन्माची वर्षे, लग्न होऊन आलेल्यांची माहेरची आडनावे व गावे, आणि मुलींचीही नावे, जी पूर्वीच्या पानांत क्वचितच आहेत. शाई पक्की असावी आणि सहीखाली सुवाच्य अक्षरात नाव लिहावे.